दर शनिवारी संदेश मिळायलाच हवा का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ठाण्यात राहतात. वय पन्नाशीच्या आसपास, घराणं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांचे वडील गेले. वडील दर शुक्रवारी दुपारी त्या आठवड्याचा पाराशा, म्हणजे तोरातला (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातला) ठरलेला भाग, मराठीतून वाचायचे. ते गेल्यावर लेकीने ती सवय उचलली. पहिला वाचला तो ‘हाये सारा’. सारा वारल्यावर अब्राहाम रडतो तिथे त्यांनाही रडू आलं. पुढचा जमिनीचा व्यवहार मात्र कंटाळून सोडून दिला. योसेफाची गोष्ट, मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, हे सगळं मनाला लागलं. मग लेवीय (तोराचं तिसरं पुस्तक) सुरू झालं आणि ‘सगळं आटलं’. बळी, चरबी, रक्त, अंगावरचे चट्टे, भिंतीवरची बुरशी. समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर शुक्रवारी कुणी ना कुणी ‘या पाराशाचा आपल्यासाठी संदेश’ टाकतं, त्याला हात जोडताना आपण खोटं वागतोय असं त्यांना वाटतं. इस्राएलमधला चुलतभाऊ म्हणतो, हिब्रू येत नसेल तर हे वाचन म्हणजे मनाची समजूत. त्या विचारतात: ‘मला यातून माझं असं काही मिळत नाही, आणि मिळालंच तर ते मीच त्यात घातलेलं असतं की काय, अशी शंका येते. वाचत राहू, सोडून देऊ, की गोष्टींचे भाग तेवढे वाचू?’ जाता जाता त्यांनी लिहिलंय की वडिलांच्या अलिबागजवळच्या घराच्या वारसनोंदीसाठी सध्या तलाठ्याकडे खेपा चालू आहेत.

ताई,

सोडू नका, आणि गोष्टींचे भाग तेवढे वेचूही नका, असं माझं मत आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लांबलेलं उत्तर तुम्ही निवांत वाचाल.

सदराच्या बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी. तोराच्या पाच पुस्तकांचे 54 भाग पाडलेत आणि ते वर्षभरात शनिवारच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) वाचले जातात. सिम्हाथ तोराच्या सणाला शेवटचा भाग संपतो आणि त्याच बैठकीत उत्पत्तीच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात होते. ज्ञानेश्वरीचं पारायण करताना मध्येच अडकल्याची पत्रंही मला येतात. त्या मंडळींनी हे उत्तर आपलंही समजायला हरकत नाही.

तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात: दर आठवड्याला वाचनातून काहीतरी हाती लागलंच पाहिजे. हे तुम्हाला कुणी सांगितलं? परंपरेने तर नाही. तल्मूदात (ज्यू धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, चर्चांच्या जुन्या ग्रंथात) या वाचनाचा जुना नेम दिलाय, तो इतकाच की त्या आठवड्याचा पाराशा मूळ दोनदा आणि भाषांतर एकदा वाचून समाजाबरोबर पूर्ण करावा. शेवटी मन भरून यावं, असं कलम त्यात नाही. ती अपेक्षा ग्रुपमधून आलीय. ग्रुपवाल्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांची एक अडचण असते: शुक्रवारी संध्याकाळच्या आत काहीतरी टाकायचं असतं. म्हणून चट्ट्यांच्या पाराशाला ‘कुणाची निंदा करू नका’ हा संदेश दरवर्षी ठरलेला. तो चुकीचा नाही. मिऱ्यामने तोरा आणणाऱ्या आपल्या भावाबद्दल, मोशेबद्दल, वाईट बोलून घेतलं आणि तिचं अंग पांढरं पडलं, त्यावरून रब्बींनीच हा संबंध लावलाय. पण तो वाचायच्या आधीच माहीत असेल तर दोन अख्खे अध्याय वाचायचे कशाला? ग्रुपला हात जोडलेत म्हणून तुम्ही खोट्या ठरत नाही. फक्त न पटलेलं पुढे पाठवू नका.

दुसरं, आटलंय ते लेवीय की तुम्ही? रागावू नका. वडिलांना जाऊन वर्ष झालेलं नाही. पहिले महिने माणसं येत-जात असतात, गोष्टी निघतात, रडायला निमित्त मिळतं. सहाव्या-सातव्या महिन्यात सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात आणि आपल्या हातात उरतात अर्ज, झेरॉक्स आणि सह्या. या दिवसांत कुठलंही पुस्तक हातात धरलं असतं तरी ते कोरडंच लागलं असतं, असा मला दाट संशय आहे. लेवीयाने फक्त आपली पाळी चुकीच्या वेळी आणली.

आणि आता तुम्ही सोडून दिलेल्या जमिनीच्या व्यवहाराकडे वळते, कारण माझ्या मते तुमचं उत्तर तिथे आहे.

‘हाये सारा’चा पहिला अध्याय 20 वचनांचा. साराचं वय, 127 वर्षं, पहिल्या वचनात. तिचं मरण आणि अब्राहामाचं रडणं, दोन्ही दुसऱ्यात. तिसऱ्या वचनात अब्राहाम मृताजवळून उठतो, आणि तिथून अध्यायाच्या शेवटापर्यंत चालतो तो निव्वळ व्यवहार. मी तुमच्यात परका आहे, उपरा आहे, मला दफनासाठी जागा द्या, असं तो हेब्रोनच्या लोकांना विनवतो. ते म्हणतात, आमची हवी ती कबर घे. त्याला उपकार नकोत, विकत हवंय. एफ्रोन आधी म्हणतो, फुकट घे. मग हळूच किंमत सांगतो: 400 शेकेल चांदीची जमीन, तुझ्यामाझ्यात त्याचं काय एवढं! असं बोलणारा माणूस तुम्ही जागेच्या व्यवहारात पाहिला असेलच. अब्राहाम घासाघीस करत नाही, चारचौघांसमोर चांदी तोलून देतो. त्यानंतरचं वचन पुन्हा वाचून पाहा. शेत कुठलं, कुणाच्या समोरचं, त्यातली गुहा, आणि शेताच्या चारी हद्दींच्या आत असलेली सगळी झाडं. झाडांसकट नोंद! सातबारा हातात घेतलेल्या माणसाला ही भाषा अगदी ओळखीची वाटेल.

तुम्हाला रडणं आपलं वाटलं आणि व्यवहार परका. ग्रंथाने मात्र रडण्याला एक वचन दिलंय आणि व्यवहाराला सतरा-अठरा. यातून ‘कर्तव्य हेच दुःखावर औषध’ वगैरे काढायला मी बसलेली नाही. मला एवढंच दिसतं की बायको गेलेला म्हातारा परक्या गावात कागदपत्रांसारखंच काहीतरी करत उभा आहे आणि तोराला ते लिहून ठेवण्याजोगं वाटलं. तुम्ही तलाठ्याकडे खेपा घालताय ते आध्यात्मिक आयुष्यातून वेळ काढून, असं तुमच्या पत्रात मला वाचायला मिळालं. तसं खरंच आहे का?

म्हणून म्हणते, गोष्टींचे भाग तेवढे वेचू नका. आपल्याला आधीपासून आवडणारं तेवढं वाचलं की आपली आवड पक्की होते, बाकी काही होत नाही.

लेवीयही वाटतं तितकं निर्जीव नाही. ‘शमीनी’ नावाचा पाराशा तुमचा वाचून झाला असेल. मोशेचा भाऊ आहरोन हा मुख्य याजक, म्हणजे पुरोहित. त्याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, वेदीजवळ आगीने मरतात, आणि आहरोन गप्प राहतो. प्रवचनं बहुतेक इथे थांबतात. आहरोनाच्या मौनावर कितीतरी बोललं जातं. पण अध्याय तिथे संपत नाही. पुढे बळीच्या मांसाचे नियम येतात, आणि त्यांच्याच मध्ये मोशेला कळतं की त्या दिवशी खायचा होता तो बळीचा बोकड आहरोनाच्या घरच्यांनी न खाता जाळून टाकलाय. मोशे उरलेल्या दोन मुलांवर भडकतो: नियम होता, खाल्ला का नाही? आता आहरोन बोलतो. आज माझ्यावर हे असं गुदरलंय, आज मी तो खाल्ला असता तर देवाला ते बरं वाटलं असतं का? मोशे ऐकतो आणि त्याला ते पटतं. अध्याय इथे संपतो.

नियम आणणारा माणूस, सगळा समाज ज्याचं ऐकतो तो, शोकात असलेल्या भावाचं ऐकून मागे हटतो. लेवीयात! चरबी आणि मूत्रपिंडांच्या यादीला लागून! तुम्ही ते वचन वाचलं असेल आणि डोळ्यांसमोरून गेलंही असेल, कारण तोवर ‘हे कोरडं आहे’ असं ठरून गेलं होतं.

आता तुमची शंका. अर्थ सापडतो की आपणच घालतो? ही शंका चांगली आहे, ती मोडू नका. माझ्यापुरती मी एक साधी परीक्षा ठेवलीय: जो अर्थ सुचला तो कुठल्या वचनातून आला, त्यावर बोट ठेवता येतं का? आणि ते वचन झाकून टाकलं तरी अर्थ जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तो आपण घरूनच आणला होता. ‘निंदा करू नका’साठी पाराशा लागत नाही. मोशेने आहरोनाचं ऐकलं, हे मात्र तो अध्याय उघडल्याशिवाय सुचणार नाही.

यासाठी निष्कर्षाऐवजी प्रश्न घेऊन बसलेलं बरं. नेहामा लाइबोविट्झ नावाच्या शिक्षिका यरुशलेममध्ये होऊन गेल्या. 1942 साली त्यांनी आपल्याकडे शिकलेल्या काही स्त्रियांसाठी दर आठवड्याच्या पाराशावर एक पान प्रश्न काढून पाठवायला सुरुवात केली. ते पान 1971 पर्यंत चाललं. सैनिक, शेतकरी, घरी असणाऱ्या बायका, कोण कोण उत्तरं पाठवायचे, आणि बाई ती लाल शाईने तपासून परत करायच्या. त्यांचा आवडता प्रश्न असा की भाष्यकार राशीला या वचनात खटकलं काय, म्हणून त्याने इथे टीप लिहिली? तुम्हाला काय वाटलं, हे त्या आधी विचारत नसत. आधी वचनात काय आहे ते बघा, वाटायचं ते मग वाटेल.

भिंतीच्या बुरशीवरच करून पाहा. घराच्या भिंतीवर हिरवट-तांबडे डाग दिसले की मालकाने याजकाला बोलवायचं. पण याजक आत पाऊल टाकण्याआधी घर रिकामं करायचं, असं तिथे लिहिलंय. का? आधी का? कारण एकदा त्याने पाहून घर अशुद्ध ठरवलं की आतलं सगळं सामानही अशुद्ध. म्हणजे नियमच मालकाला सामान वाचवायला सवड देतोय. मिश्ना (रब्बींच्या नियमांचा जुना संग्रह) याच्याही पुढे जाऊन विचारते, कुठलं सामान? कपडे, लाकूड, धातू तर पाण्यात बुडवून शुद्ध करता येतं. फुटून वाया जाणार ती फक्त मातीची भांडी. म्हणजे तोराला काळजी आहे ती मडक्यांची, घरातल्या सर्वांत स्वस्त वस्तूंची. मला हे फार आवडतं, आणि याचा माझ्या आयुष्याशी काय संबंध, ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवायची घाईही नाही. अर्थ वैयक्तिक व्हायला तो आपल्याबद्दलच असावा लागत नाही.

काही ठिकाणी रागही येईल. मुलगा झाला तर आई 7 दिवस अशुद्ध आणि पुढे 33 दिवस शुद्धीकरणाचे, मुलगी झाली तर 14 आणि 66 दिवस. दुप्पट का? याची स्पष्टीकरणं बरीच आहेत, माझं समाधान एकानेही केलेलं नाही. राग आला तर तो दाबून त्यातून ‘संदेश’ काढू नका, तारीख घालून लिहून ठेवा. पावसाळ्यात गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली भेटतील: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिर्सा. बापाला मुलगा नव्हता, म्हणून वाटा बुडणार होता. त्या मोशेसमोर उभ्या राहून मागतात, आणि देव म्हणतो, मुली बरोबर बोलतायत. पुस्तकाच्या शेवटी भाऊबंद तक्रार घेऊन येतात आणि मुलींवर आपल्याच वंशात लग्न करायची अट पडते. एकाच पुस्तकात मागणी, मान्यता आणि कात्री, तिन्ही. वारसनोंद चालू असताना वाचायला हा पाराशा वाईट नाही.

चुलतभावाचं काय? हिब्रू शिकलात तर आनंदच आहे. अक्षरं ओळखून ‘शमा’ (आपली मुख्य प्रार्थना) लावता आला तरी बरंच झालं. पण त्याच्याशिवाय वाचन फुकट, हे मला मान्य नाही. नहेम्याच्या पुस्तकात एज्राने जलवेशीसमोरच्या चौकात सगळ्या लोकांपुढे तोरा वाचली, तेव्हा लेवी लोक ती समजावून देत फिरत होते. पुढे सिनेगॉगमध्ये मूळ वचनामागे अरामी भाषांतर म्हणणारा माणूसच असे, कारण लोकांच्या तोंडी तीच भाषा होती. आणि आपल्याकडे? कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांकडे पिढ्यान्‌पिढ्या तोराचं पुस्तकच नव्हतं. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शमा तेवढा पाठ होता. मुंबईतली पहिली मशीद, म्हणजे सिनेगॉग (आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी हाच शब्द) 1796 सालची. पुढे पुस्तकं आली, ती मराठीचं बोट धरून. 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादात (पेसाह, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाला वाचायच्या पोथीत) हिब्रूबरोबर मराठी आहे, आणि चित्रात नेसत्या साड्यांतल्या बायका खाली बसून सणाच्या भाकरी करतायत. 1880 च्या सुमारास तर अब्राहाम आणि योसेफ कीर्तनातून लोकांना भेटू लागले. चुलतभावाला हे जरूर सांगा, पण भांडू नका. तिकडच्या शाळेत त्याला हे कुणी शिकवलं नसणार.

आता रोजचं. अख्खा पाराशा शुक्रवारी दुपारी एका दमात वाचायची वडिलांची रीत वडिलांच्या मुरलेल्या डोळ्यांना झेपत होती. तुम्ही सात तुकडे करा. शनिवारी सकाळी सात जणांना तोरापाशी बोलावतात, त्यासाठी पाराशाचे सात भाग ठरलेलेच असतात. रविवारी पहिला, शनिवारी सातवा. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. भागांच्या खुणा कुठल्याही हुम्माशात (तोराच्या छापील प्रतीत) मिळतील, त्या आपल्या मराठी प्रतीत पेन्सिलने उतरवून घ्या. लेवीयाच्या पाचव्या-सहाव्या अध्यायात मात्र जपून: हिब्रू प्रतीत आणि मराठी बायबलात तिथे सात वचनांचा फरक पडतो, त्यामुळे ‘साव’ पाराशा मराठीत सहाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापासून सुरू होतो. नवखे वाचक इथे हमखास गोंधळतात.

एक जाड वही करा, प्रत्येक पाराशाला दोन पानं. आठवड्याला एकच प्रश्न लिहायचा, वचनाच्या क्रमांकासकट. उत्तर सुचलं तर सुचलं. काहीच न खटकलेल्या आठवड्यात पान कोरं सोडा, भरायचं म्हणून भरू नका. पुढच्या वर्षी त्याच पानावर दुसऱ्या शाईने लिहा. ‘हाये सारा’ची पानं मात्र आजच उघडा आणि राहिलेला व्यवहार वाचून टाका. वडिलांच्या पुण्यतिथीच्या आसपास तो पाराशा परत येईल तेव्हा प्रश्न तयार असेल.

आणि एकट्या वाचू नका. ही विद्या जोडीनेच शिकायची. ग्रुप त्या कामाचा नाही. पन्नास माणसांत कुणी ‘मला हे कळलं नाही’ म्हणत नाही. तुमची मुलगी इस्राएलमध्ये अशदोदला आहे ना? शुक्रवारी तिथे अर्धी सुट्टी असते. शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतीचे) दिवे लावण्याआधी अर्धा तास फोन ठरवा, दोघींनी एकेक प्रश्न आणायचा, संदेश आणायला बंदी. तिला शाळेतलं हिब्रू येतं, तुम्हाला मराठी आणि तुमच्या वडिलांची रीत माहीत आहे. चुलतभावाचा मुद्दाही त्यात आपोआप निघेल.

फोन ठरवताना पंचांग तेवढं बघा. पेसाहचा आठवा दिवस आपण पाळतो, इस्राएलमध्ये पाळत नाहीत. तो शनिवारी आला की तिथे पुढचा पाराशा वाचला जातो आणि आपण एक आठवडा मागे पडतो. 2022 साली हा फरक जवळजवळ तीन महिने टिकला होता. अशा वर्षी कुणी कुणासाठी थांबायचं, ते माय-लेकींनी आधीच ठरवून ठेवा.